झोपेची गरज उरली नाही, असे कोणी सांगितले तर टाळ्या वाजवाव्यात का? (चैतन्य, अध्यात्म आणि मनोविकार)

गोदाकाठ:
नमस्कार. नाशिकला गंगापूर रोड परिसरात दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आमचे एक छोटे चर्चामंडळ भरते. चैतन्य, अध्यात्म आणि मनोविकार या तीन विषयांवर वेगवेगळ्या खोल्यांत बोलले जाते, ते एकाच खोलीत बोलावे, एवढाच त्यामागचा हेतू आहे. येणाऱ्यांत निवृत्त प्राध्यापक आहेत, कारखान्यांत काम करणारे आहेत, नियमित साधना करणारे आहेत, मनोविकारावर उपचार घेणारे आहेत आणि त्यांचे नातेवाईकही आहेत. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही; चहाचे पैसे ज्याला सुचेल तो देतो.

मागच्या बैठकीत मांडूक्य उपनिषदातील जागृती, स्वप्न, सुषुप्ती (गाढ झोप) आणि तुर्या (चौथी) या चार अवस्थांवर बोलणे चालले होते. तुर्येवर आलो, तेव्हा एक तरुण सदस्य उभा राहिला आणि म्हणाला की आपण सध्या याच अवस्थेत आहोत, झोपेची गरज उरलेली नाही, मन विलक्षण स्वच्छ झाले आहे, आणि म्हणून गोळ्या बंद केल्या आहेत. निम्म्या खोलीने टाळ्या वाजवल्या. एका वयस्क सदस्यांनी त्याला वाकून नमस्कार केला. बाकीचे आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. (हे येथे लिहिण्यास त्याच्या घरच्यांची संमती आहे आणि ओळख पटेल असा तपशील मी दिलेला नाही.)

माझा प्रश्न असा आहे. ज्या मंडळात काही जण रुग्ण आहेत, काही साधक आहेत आणि काही एकाच वेळी दोन्ही आहेत, तेथे आध्यात्मिक अनुभव सांगण्यावर काही बंधन असावे का, आणि असल्यास ते कोणी, कशाच्या आधारे घालावे? अनुभव खरा की आजार, हे ठरवण्याची आमच्यापैकी कोणाची पात्रता नाही, आणि ठरवल्यावाचून कोणालाच राहवत नाही.

इंदिरानगरकर:
वाचतो आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांची नावे इतिवृत्तात नोंदवली असतील, अशी आशा आहे.

शुश्रूषा:
मी अनेक वर्षे मनोरुग्णांच्या वॉर्डात परिचारिका होते, त्यामुळे तुर्येबद्दल काही बोलणार नाही, झोपेबद्दल बोलते. 'झोप येत नाही' आणि 'झोपेची गरज वाटत नाही' ही दोन अगदी निराळी वाक्ये आहेत. पहिले वाक्य बोलणारा माणूस थकलेला असतो, डोळे चोळत असतो आणि औषध मागत असतो. दुसरे वाक्य बोलणारा जेमतेम दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो, भराभर बोलतो, पहाटे तीनला कपाट आवरायला घेतो, आणि आपल्याला काही झाले आहे हे त्याला मुळीच मान्य नसते. बायपोलर आजारात मन कधी खिन्नतेच्या तर कधी उन्मादाच्या टोकाला जाते; त्यातील उन्मादाची चाहूल बहुतेक वेळा या दुसऱ्या वाक्यानेच लागते, आणि जागरण हे त्या उन्मादाचे लक्षणही असते व त्याला चढवणारे कारणही असते. म्हणून वॉर्डात रुग्ण आला की त्याला काय दिसते, कोणता देव भेटला, हे विचारण्याआधी आम्ही विचारत असू की शेवटचे नीट कधी झोपलात आणि जेवलात काय.

त्या तरुणाने तर गोळ्या बंद केल्याचेही सांगितले. त्या क्षणी प्रश्न उपनिषदाचा राहिलेला नव्हता. त्याच्या घरी फोन करायला हवा होता. केला का?

गोदाकाठ:
शुश्रूषाताई, त्याच संध्याकाळी केला. बहीण येऊन घेऊन गेली. पुढचे नंतर लिहिते.

पंचवटीकर:
आपल्या सर्वांविषयी आदर राखून मी विरोधी बाजू मांडतो. झोप कमी झाली, बोलणे वाढले, लोकव्यवहार सुटला, की लगेच आजार, हे मोजमाप लावायचे ठरवले तर आपल्या परंपरेतील निम्मी माणसे दवाखान्यात भरती करावी लागतील. रामकृष्ण परमहंसांना दक्षिणेश्वरी लोकांनी वेडे ठरवले होते आणि वैद्यांची औषधेही सुरू केली होती. पुढे भैरवी ब्राह्मणी या साधिकेने शास्त्राधार देऊन हा महाभाव, म्हणजे ईश्वरप्रेमाची परमावस्था आहे असे सांगितले, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. आपल्या महाराष्ट्रातच पाहायचे तर रिद्धपूरचे गोविंदप्रभू आहेत. त्यांना वेडे म्हणणारे त्यांच्या गावातच होते. हे दोघे आज नाशिकमध्ये असते, तर कोणत्या वॉर्डात असते, हे कोणी सांगावे. टाळ्या वाजवणाऱ्यांची थट्टा करणे सोपे आहे, परंतु ज्याला समाजाने नेहमी 'पेशंट' म्हणूनच पाहिले, त्याला एकदा आदर मिळाला, यात एवढे काय बिघडले?

अंबड लिंक रोड:
आमच्या कंपनीतील साहेबांनाही झोपेची गरज वाटत नाही. ते तुर्येत नसून त्यांना मार्चअखेरचे टार्गेट आहे.

लीळावाचक:
पंचवटीकरांनी गोविंदप्रभूंचा दाखला दिला आहे, तो अर्धा दिला आहे. महानुभाव पंथ त्यांना पंचकृष्णांपैकी एक, म्हणजे ईश्वरावतार मानतो, आणि त्यांच्या लीळा नोंदवणाऱ्यांनी त्यांचे लहान मुलासारखे रुसणे, हट्ट, अवेळी खाणे, काहीही करणे हे सगळे झाकून न ठेवता लिहिले आहे. पण त्याच लीळांमध्ये आणखी एक गोष्ट पानोपानी आहे, आणि ती म्हणजे त्यांच्याभोवतीच्या माणसांची धावपळ. कोणी त्यांना जेवू घालते आहे, कोणी मागे मागे जाते आहे, कोणी शोधून परत आणते आहे. रिद्धपूरचे लोक 'राऊळ माय, राऊळ बाप' म्हणत, आणि आईबापाप्रमाणेच त्यांची काळजीही घेत. नुसता नमस्कार करून घरी जाणारे भक्त त्या पोथीत फारसे आढळत नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. मेहेरबाबांचा काही काळ मुक्काम नाशिकला होता हे येथील जुन्या मंडळींना ठाऊक असेल. त्यांनी १९३६ मध्ये राहुरीला एक आश्रम चालवला, आणि तेथे ईश्वरप्रेमात हरपलेले 'मस्त' व सामान्य अर्थाने वेडे असलेले लोक असे दोघेही ठेवलेले होते. मेहेरबाबा त्या दोघांत ठाम फरक करत. तरीही अंघोळ, दाढी, कपडे आणि वेळेवर जेवण ही व्यवस्था दोघांसाठी सारखीच होती. कोण मस्त आणि कोण वेडा, हे मला ओळखता येत नाही. पण ओळखता येईपर्यंत काय करायचे, हे त्यातून नक्की कळते.

पंचवटीकर:
हा मुद्दा मान्य आहे. तथापि अंघोळ घालणे आणि मेंदूवर रसायनाचा मारा करणे यात अंतर आहे.

सातपूरचा:
ज्याच्या मेंदूवर तो मारा होतो, तो मी आहे, म्हणून लिहितो.

२०१५ च्या सिंहस्थाच्या दिवसांत मी तपोवनात साधुग्रामात सेवेला जात असे. दिवसभर पाणी वाटायचे, रात्री भजनाला बसायचे, आणि पहाटे रामकुंडाकडे चालत जायचे. हळूहळू झोप गेली आणि मला गोदावरी बोलताना ऐकू येऊ लागली. शब्द स्पष्ट होते. ती माझे नाव घेत नसे, परंतु सगळे मलाच उद्देशून आहे याची खात्री होती. त्या काळात मला जे सुख वाटले, ते मी आयुष्यात पुन्हा अनुभवलेले नाही, आणि ते केवळ 'लक्षण' होते असे कोणी म्हटले की मला आजही राग येतो. पुढे तीच नदी मला मध्यरात्री पात्रात उतरायला सांगू लागली. माझ्या भावाने मला काठावरून ओढून आणले. घरच्यांनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी केला आणि मनोविकारतज्ज्ञांकडेही नेले. पूजेने आईला झोप लागू लागली, गोळ्यांनी मला. दोन्ही गोष्टी घडल्या म्हणून लिहितो, सिद्धांत मांडत नाही.

मी लिथियम घेतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो की मनाचे टोकाचे चढउतार आवरणारे हे औषध म्हणजे एक साधा क्षार आहे, आणि गुण येण्याची मात्रा व विषबाधेची मात्रा यांत अंतर फार कमी आहे. त्यामुळे रात्रीची गोळी घेतल्यावर बरोबर बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता, रक्त द्यावे लागते. लॅबमधला मुलगा आता ओळखीचा झाला आहे. मी दारात दिसलो की घड्याळाकडे बघून 'रात्री नऊला ना काका?' असे विचारतो. अधूनमधून थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्याही होतात. बोटांना किंचित कंप आहे, त्यामुळे चहा नेहमी अर्धा कप घेतो. हा असा सगळा 'मारा' आहे.

आणि आदराबद्दल. पंचवटीकर, मला त्या दिवसांत भरपूर आदर मिळाला होता. लोक पाया पडत होते. त्यातला एकही जण नदीच्या पात्रात नव्हता.

शुश्रूषा:
सातपूरचा यांनी इतके नेमके लिहिले आहे की मी केवळ एक भर घालते. लिथियम घेणाऱ्याने निर्जळी उपवास करू नये. शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले की रक्तातील लिथियम वाढते. उन्हातली पायी वारी, जुलाब, काही वेदनाशामक गोळ्या यांनीही तसेच होते. हात जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला, उलट्या झाल्या, तर थांबून तपासणी करावी. नवरात्र जवळ आले की हे प्रत्येक घरात सांगायला हवे, आणि 'उपवास सोडा' असे न सांगता 'पाणी व मीठ सोडू नका, आधी डॉक्टरांना विचारा' असे सांगावे, म्हणजे ऐकले जाते. तसेच लिथियम एकाएकी बंद केले, तर आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो.

देवळालीकर:
पंचवटीकरांनी परंपरेचा आधार घेतला आहे, म्हणून मीही परंपरेतच राहून उत्तर देतो. मी योगसूत्रांचा जुना विद्यार्थी आहे.

पतंजलींनी पहिल्या पादाच्या तिसाव्या सूत्रात साधनेच्या मार्गातील नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितले आहेत. त्यातला पहिलाच अंतराय 'व्याधी' आहे आणि सातवा 'भ्रांतिदर्शन' आहे. म्हणजे साधकाला जे दिसते ते चुकीचे असू शकते, ही शक्यता खुद्द योगशास्त्रानेच गृहीत धरली आहे. पुढच्याच सूत्रात दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची अनियमितता ही या विक्षेपांची सोबती म्हणून दिलेली आहेत. ही यादी लिहिणाऱ्याने बिघडलेले साधक पाहिलेले असणार, असे मला नेहमी वाटते.

झोपेविषयी तर गीतेच्या सहाव्या अध्यायात सरळ सांगितले आहे की फार खाणाऱ्याला, अजिबात न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला आणि सदा जागणाऱ्याला योग साधत नाही. तुर्या म्हणजे झोप उडणे नव्हे. मांडूक्यात तुर्या ही उरलेल्या तिन्ही अवस्थांच्या मुळाशी असलेली मानली आहे. सुषुप्ती रद्द करून मिळणारी ती चौथी खोली नाही. त्या तरुणाला कोणी शास्त्रच सांगायचे ठरवले असते, तरी 'बाळा, आधी झोप' हेच सांगावे लागले असते.

आणि चरक. चरकसंहितेत उन्मादाचे स्वतंत्र अध्याय आहेत, शरीरातील दोषांमुळे होणारा आणि आगंतू, म्हणजे बाहेरून येणारा, असे प्रकार आहेत, आगंतू प्रकारात देव, गंधर्व, पिशाच यांचीही गणना आहे. परंतु तेथेच चरक असे बजावतात की जो माणूस स्वतःच्या कर्माने क्लेश पावलेला नाही, त्याला देव, गंधर्व, पिशाच वा राक्षस यांपैकी कोणीही पीडा देत नाही. बाहेरच्यावर खापर फोडून मोकळे होऊ नका, असे सांगण्याची ही त्या काळातली रीत आहे. आजच्या रुग्णाला 'तुझ्याच कर्माचे फळ' असे ऐकवायला मात्र मी हे वचन वापरू देणार नाही.

कॉलेजरोड:
उत्तम प्रतिसाद. मूळ प्रश्नाचे माझे उत्तर सोपे आहे. ज्यांच्यावर उपचार चालू आहेत, त्यांनी मंडळात आध्यात्मिक अनुभव सांगू नयेत, असा नियम करावा. त्यांचे आणि सर्वांचेच भले होईल.

विवेकी:
कॉलेजरोड यांच्याशी सहमत, आणि त्यापुढे जाऊन म्हणतो की हे विषय एका खोलीत आणण्याचीच गरज नव्हती. चैतन्य हा मेंदूचा व्यवहार आहे. त्याला तुर्या वगैरे नावे दिली, की आजाराला मखरात बसवण्याची सोय होते आणि मखराशेजारी साखळदंड येतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी 'मनोरुग्ण आश्रमा'ला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यामुळे त्यांना पळता आले नाही, आणि २८ जण मृत्युमुखी पडले. ते तेथे श्रद्धेने आणले गेले होते. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी आहे, आणि आपल्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे गुन्हा आहे. कायदे आहेत, तरी लोक आधी देवऋषाकडे जातात आणि मग दवाखान्यात. मधल्या काळात आजार मुरतो. मनोविकृतीवर उपचार सुरू व्हायला जितका उशीर, तितके बरे होणे अवघड, हे आता पुरेसे सिद्ध झालेले आहे.

सप्तशृंगीची लेक:
विवेकी यांचा प्रतिसाद वाचून मला माझ्या आईविषयी लिहिणे भाग आहे. आम्ही कळवण भागातले. चैत्रात वणीच्या गडावर यात्रा असते, आणि आईच्या अंगात गेली कित्येक वर्षे वारं येते. गडावर, आरतीच्या वेळी, चार बायांच्या मध्ये ते येते आणि आरती संपली की जाते. आई उठते, तोंडावर पाणी मारते, लुगड्याचा काष्टा नीट करते आणि आमच्यासाठी भाकरी बांधून आणलेल्या असतात त्या सोडते. शेती, देणी-घेणी, दोन गायी, सगळे ती बघते. तिला कोणी आजारी म्हटले तर मला पटणार नाही.

माझ्या वहिनीचे बाळंतपण झाले, तेव्हा दुसऱ्या आठवड्यात ती बाळाला जवळ घेईना, रात्रभर खोलीत फेऱ्या मारू लागली, आणि बाळाच्या अंगात कोणी शिरले आहे असे म्हणू लागली. शेजारच्या बायांनी ओटी भरा, गडावर न्या, असा गलका केला. माझ्या आईने, जिच्या अंगात देवी येते त्याच बाईने, सगळ्यांना गप्प केले. ती म्हणाली, "हे देवीचं नव्हं. देवी येती तशी जाती. ही जातच नाही, आन् लेकराला भ्यायला लागलीय. गाडी काढा." बाळाला माझ्याकडे देऊन त्याच दुपारी वहिनीला नाशिकला आणले. बाळंतपणानंतरची मनोविकृती असे डॉक्टरांनी सांगितले, आणि अशा वेळी आई व बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो म्हणून तातडीने दाखल करून घेतले. वहिनी पूर्ण बरी झाली. ओटी नंतर भरली.

शुश्रूषा:
आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी केलेले निदान पुस्तकाशी जुळणारे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, अंगात येण्याची अवस्था आजार म्हणून तेव्हाच धरतात, जेव्हा ती नकोशी आणि आपोआप येणारी असते, त्या समाजाच्या मान्य धार्मिक रीतीत बसत नाही, आणि माणसाला त्रास देते किंवा त्याचे जगणे अडवते. गडावरची आरती त्यात बसत नाही, वहिनींची खोली बसते की नाही हेही तपासावेच लागते, कारण कधी थायरॉइड, कधी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, तर कधी मेंदूचा दाह अशाच रूपाने समोर येतो.

विवेकी:
मातोश्री अपवाद आहेत. त्यांच्यासारख्या प्रत्येक गावात असत्या, तर मला येथे एवढे टंकावे लागले नसते. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावरांना (दर्ग्याच्या सेवेकऱ्यांना) प्रशिक्षण देऊन 'दवा आणि दुआ' अशी जोडव्यवस्था उभी केली गेली, हे मला ठाऊक आहे, आणि तत्त्वतः आक्षेप असूनही ती उपयोगी आहे हे मी मान्य करतो. तक्रार एवढीच आहे की दुआ प्रत्येक गल्लीत मिळते आणि दवा मिळत नाही. राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. आपल्या एवढ्या मोठ्या जिल्ह्याला तसे एकही नाही.

काजवा:
विवेकी, व्यवस्थेबद्दलच्या तुमच्या तक्रारीशी शंभर टक्के सहमत, पण 'चैतन्य हा मेंदूचा व्यवहार आहे' हे वाक्य तुम्ही फार भराभर ओलांडून गेलात. मेंदूच्या कोणत्या भागात हालचाल झाली की माणसाला लाल रंग दिसतो, हे शोधता येते. पण त्या हालचालीला लाल दिसण्याचा अनुभव मुळात असतोच का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये हाच चैतन्याचा अवघड प्रश्न म्हणून मांडला, आणि तो अजून उभा आहे. मात्र त्याचा आधार घेऊन कोणी गोळ्या बंद करत असेल, तर तेही चुकीचे आहे. चैतन्य म्हणजे काय हे न ठरवताही रक्तातले लिथियम मोजता येते.

अवांतर, पण विषयाला धरून आहे. टान्या लूरमन या मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सान माटेओ, घानातील आक्रा आणि आपले चेन्नई अशा तीन ठिकाणी, प्रत्येकी २० रुग्णांशी त्यांना ऐकू येणाऱ्या आवाजांबद्दल बोलून एक अभ्यास केला. अमेरिकेतील रुग्णांना येणारे आवाज बरेचदा हिंसक आणि परके होते. आक्रा येथे अनेकांनी देवाचा आवाज सांगितला. चेन्नईत पुष्कळांना नातेवाइकांचे आवाज येत, आणि ते रागावत असले तरी घरातली कामे सांगत. आजार तोच असला तरी तो काय बोलतो, हे समाज काही प्रमाणात ठरवतो, असे मला त्यातून वाटते. मग आपले मंडळ अशा माणसाशी कसे बोलते, याला महत्त्व आहे.

अंबड लिंक रोड:
म्हणजे भारतात भास झाला तरी तो दळण आणायला पाठवतो. आपल्या कुटुंबव्यवस्थेचा पाया किती खोल आहे, हे यावरून दिसते.

घाटनदेवी:
शिबिरांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. मी इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले आहे. तेथे प्रवेश अर्जातच मानसिक आजार आणि चालू औषधे यांची माहिती विचारलेली असते. तो रकाना निरर्थक नाही. पण प्रवेश नाकारतील या भीतीने लोक तो कोरा सोडतात, आणि मग आचार्यांना कळणार कसे? माझ्या एका मावसभावाचा अनुभव याच्या उलट आहे. तो एका दुसऱ्याच ठिकाणी, एका खाजगी 'जागृती' शिबिराला गेला, तेथे कोणी काही विचारलेच नाही. तिसऱ्या रात्रीपासून तो रडू लागला, त्याला भिंती हलताना दिसू लागल्या, तेव्हा 'ही शुद्धी चालू आहे, थांबू नका' असे सांगण्यात आले. घरी आला तेव्हा त्याला स्वतःच्या हाताचीही भीती वाटत होती.

अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातील जेरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ध्यान करणाऱ्यांना आलेल्या अशा त्रासदायक अनुभवांची पद्धतशीर नोंद आहे. भीती, झोप न लागणे, स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे, हे सगळे त्यात आहे. ध्यान वाईट आहे असे मी म्हणत नाही, आजही रोज बसते. पण ज्या गोष्टीत गुण आहे तिच्यात अपायाचीही ताकद असणार, हे शिकवणाऱ्याने मान्य केले पाहिजे.

पंचवटीकर:
सप्तशृंगीची लेक आणि घाटनदेवी यांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले. ज्याला साधनेचा अधिकार आहे, त्याला थांबवण्याचाही अधिकार असला पाहिजे, असे मला त्यातून दिसते. भैरवी ब्राह्मणी जशी 'हा महाभाव आहे' म्हणाली, तशीच कळवणची ती आई 'हे देवीचे नाही' म्हणाली. आमच्या अडचणीचे मूळ असे आहे की आज दोन्ही म्हणू शकणारी माणसे उरलेली नाहीत, आणि त्यांच्या जागी टाळ्या आल्या आहेत. औषधांबद्दलची माझी नाराजी मात्र कायम आहे. सातपूरचा, एक विचारू का? गोळ्या सुरू झाल्यावर नदीचे बोलणे थांबले, त्याचे तुम्हाला काहीच वाटत नाही?

सातपूरचा:
वाटते. काही दिवशी फार वाटते. पण मी कामावर जातो, मुलीचा गृहपाठ घेतो, रामकुंडावर आईच्या अस्थी विसर्जनाला शांतपणे उभा राहिलो. ते सुख परत हवे का, असे विचारलेत तर आधी भावाला विचारेन.

कॉलेजरोड यांच्या नियमाबद्दल. तो झाला तर मी दुसऱ्या दिवसापासून येणार नाही, आणि माझ्यासारखे इतरही येणार नाहीत. उपचार घेणारा निदान कोणाच्या तरी देखरेखीखाली असतो. ज्याने कधी डॉक्टर पाहिलेला नाही, त्याने 'मला झोप लागत नाही पण प्रकाश दिसतो' असे सांगितले, तर ते तुम्ही ऐकून घेणार, कारण त्याच्याकडे कागद नाही? मला बोलू दिले म्हणून काही बिघडत नाही. माझ्या बोलण्यावर दर्जा लावला की बिघडते, मग तो 'सिद्ध पुरुष' असा असो की 'पेशंट' असा.

कॉलेजरोड:
ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. नियमाचा आग्रह सोडतो. पण मग काहीतरी दुसरे हवेच.

गोदाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. धागा वाचून आम्ही काही जण काल भेटलो आणि पुढीलप्रमाणे ठरवले.

अनुभव कोणीही सांगावा, परंतु त्यावर टाळ्या, नमस्कार, 'किती भाग्यवान', किंवा 'हे तर अमुक लक्षण' असे काहीच होणार नाही. अनुभव सांगून झाला की पुढचा प्रश्न झोप आणि जेवण यांबद्दल असेल, आणि तो मंडळातल्या प्रत्येकाला विचारला जाईल, प्राध्यापकांनाही. दुसऱ्याच्या औषधाबद्दल, ते घ्या म्हणून किंवा सोडा म्हणून, मंडळात कोणी बोलणार नाही. ज्याला शंका आहे त्याने डॉक्टरांकडे जावे, आणि लगेच कोणाशी बोलायचे असल्यास १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक फळ्यावर लिहिलेला राहील. शेवटचे म्हणजे, २०१७ च्या कायद्यात रुग्णाला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याची जी तरतूद आहे, तिच्या धर्तीवर, येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या एका विश्वासातल्या माणसाचा फोन क्रमांक आधीच देऊन ठेवावा.

त्या तरुणाविषयी: तो डॉक्टरांकडे जातो आहे, झोपतो आहे, आणि सध्या बैठकीला येणार नाही. माझ्या अनुपस्थितीत मांडूक्य पुरे करू नका, असा त्याचा निरोप आहे. म्हणून पुढच्या वेळी योगसूत्रांतील नऊ अंतराय घेऊ. देवळालीकर, आपण मांडाल का?

देवळालीकर:
आनंदाने. व्याधीपासून सुरुवात करतो, भ्रांतिदर्शनापर्यंत पोहोचलो तरी पुष्कळ झाले.

पंचवटीकर:
टाळ्यांवरील बंदी मान्य. नमस्कारावरील बंदीला माझा विरोध नोंदवून घ्यावा. मी येताना आणि जाताना सर्वांनाच नमस्कार करतो, त्याचा अनुभवाशी संबंध नाही.

इंदिरानगरकर:
पंचवटीकर, तो चालेल. वाकून नको.

सातपूरचा:
फोन क्रमांकांची वही कोणाकडे राहणार आणि कोण उघडू शकणार, हे ठरल्याशिवाय मी क्रमांक देणार नाही. अशी वही एकदा टेबलावर राहिली की कोणाच्या घरी कोणता आजार आहे, हे सोसायटीभर व्हायला वेळ लागत नाही.

शुश्रूषा:
रास्त आहे. वही नको. प्रत्येकाने क्रमांक बंद पाकिटात द्यावा, वर फक्त आपले नाव. पाकिटे माझ्याकडे राहतील; गरज पडली तरच, आणि गोदाकाठ समोर असतानाच, उघडेन. वर्षाअखेर ज्याची त्याला परत.

सातपूरचा:
चालेल. माझ्या पाकिटात भावाचा क्रमांक असेल. बायकोला फोन करू नका, ती माझ्या नावाचा अनोळखी फोन आला की आधी नदीकडे धावते.